नवी वही आणि जुनी वही: हास्केलमधून एसक्यूलाइट डेटाबेस बनवणं आणि उघडणं

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातला एक विद्यार्थी बेळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गावच्या वाचनालयासाठी तो हास्केल या फंक्शनल भाषेत देवघेवीचा प्रोग्रॅम लिहितोय. डेटाबेस एसक्यूलाइट, आणि हास्केलमधून त्याच्याशी बोलायला तयार कोडची लायब्ररी एसक्यूलाइट-सिंपल. त्याच्या अडचणी तीन. ‘क्रिएट डेटाबेस’ ही आज्ञा एसक्यूलाइट ओळखतच नाही, मग डेटाबेस बनवायचा कुठे? पुस्तकांचं टेबल तयार होतं, पण सभासदांच्या टेबलावर ‘नो सच टेबल’ येतं, दोन्ही टेबलं एकाखाली एक लिहिलेली असूनही. आणि घरी टर्मिनलमधून चालवलं की नोंदी दिसतात, वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर आयकॉनवर क्लिक केलं की सगळं कोरं. शेवटी त्यानं विचारलंय, शुद्ध फंक्शनचा (तेच दिलं की तेच उत्तर देणाऱ्या) बाहेरच्या जगाशी संबंध नसतो असं सर शिकवतात, मग फंक्शनल भाषेत डेटाबेस उघडणं मुळात विसंगत आहे का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, पण त्याच्याकडे नंतर येतो. आधी ‘नो सच टेबल’ मिटवू, कारण ते दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही दोन्ही ‘क्रिएट टेबल’ एकाच स्ट्रिंगमध्ये, मध्ये अर्धविराम घालून लिहिली असणार. एसक्यूलाइटचं ‘प्रिपेअर’ हे फंक्शन स्ट्रिंगमधलं पहिलंच विधान घेतं आणि उरलेला मजकूर तसाच सोडून देतं. एसक्यूलाइट-सिंपलचं ‘एक्झिक्यूट’ त्याच वाटेनं जातं. त्यामुळे पुस्तकांचं टेबल झालं, सभासदांचं कोणी वाचलंच नाही, आणि चूकही दाखवली गेली नाही. विधानांची यादी करा आणि ‘मॅपएम’नं (यादीतल्या प्रत्येकावर तीच क्रिया करणारं फंक्शन) एकेक विधान चालवा. यादीचा हा आकार पुढेही उपयोगी पडणार आहे, तो लक्षात ठेवा.

आता पहिली आणि तिसरी अडचण. या दोन दिसतात वेगळ्या, पण मूळ एकच आहे.

एसक्यूलाइटमध्ये ‘क्रिएट डेटाबेस’ नाही, कारण तिथे सर्व्हरच नाही. डेटाबेस म्हणजे डिस्कवरची एक फाइल. रिचर्ड हिप यांनी २००० साली ते पहिल्यांदा बाहेर काढलं, आणि सर्व्हर नसण्याचा साधेपणा त्यात तेव्हापासूनच आहे. नेहमीच्या ‘ओपन’ला तुम्ही मार्ग देता, तिथे फाइल असेल तर ती उघडते, नसेल तर नवी तयार होते. शून्य बाइटची फाइलसुद्धा एसक्यूलाइटच्या लेखी वैध, रिकामा डेटाबेस असतो. म्हणजे ‘उघड’ या एका शब्दात दोन कामं लपली आहेत: जुनं उघडणं आणि नवं करणं. तुम्हाला यातलं कोणतं हवं होतं हे त्याला कळायला मार्ग नाही आणि तो विचारतही नाही.

खडेबाजारातल्या कुठल्याही दुकानदाराला या दोन गोष्टींतला फरक सांगावा लागत नाही. नवी वही दिवाळीत, पूजा करून, वर्षातून एकदा सुरू होते. रोज सकाळी उघडायची ती जुनीच. एखाद्या सकाळी ती जागेवर सापडली नाही तर दुकानदार गल्ल्याखाली हात घालतो, पोराला हाक मारतो, कपाट धुंडाळतो. कोरी वही काढून पहिल्या पानावर लिहायला बसत नाही. तुमचा प्रोग्रॅम मात्र नेमकं तेच करतोय.

घरी तुम्ही प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये उभे राहून प्रोग्रॅम चालवता आणि मार्ग म्हणून नुसतं फाइलचं नाव दिलेलं असतं. असं नाव चालू फोल्डरच्या हिशेबानं शोधलं जातं, प्रोग्रॅमची फाइल जिथे आहे त्या हिशेबानं नाही. आयकॉनवरून चालवलं की चालू फोल्डर कोणता हे विंडोजच्या शॉर्टकटमधला ‘स्टार्ट इन’ हा रकाना ठरवतो. तो वेगळा निघाला, तिथे तुमची फाइल नव्हती, एसक्यूलाइटनं नवी केली. ‘क्रिएट टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स’ तुम्ही प्रत्येक वेळी चालवताच, म्हणून टेबलंही तयार झाली. सगळं सुरळीत, फक्त रिकामं.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून इतकं ठासून सांगतोय. तालुक्यातल्याच एका वाचनालयाला मी असाच प्रोग्रॅम दिला होता. तिथल्या कोणीतरी कॉम्प्युटर आवरताना आयकॉन दुसरीकडे हलवला. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंना पडदा कोरा दिसला. प्रोग्रॅम नव्यानं बसवला गेला असेल असं त्यांना वाटलं, आणि त्या बिचाऱ्या निमूटपणे देवघेव पुन्हा पहिल्यापासून लिहीत बसल्या. मला फोन आला तो तीन आठवड्यांनी, ‘दादा, जुनी पुस्तकं कुठं गेली बघा की जरा.’ पुस्तकं कुठेच गेली नव्हती, जुनी फाइल जागच्या जागी होती. पण आता वह्या दोन झाल्या होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. त्या एकत्र करायला मला दोन रविवार लागले. त्या दिवशी प्रोग्रॅम नुसता ‘वही सापडत नाही’ म्हणून थांबला असता, तर तो फोन त्याच सकाळी आला असता.

म्हणून सगळ्यात आधी ही दोन कामं दोन फंक्शनांत वाटून टाका. खालची नावं मी मराठीत लिहितोय, तुमच्या प्रोग्रॅममध्ये ती तुमच्या पद्धतीनं ठेवा. महत्त्वाचा आहे तो टाइपचा आकार, म्हणजे फंक्शन काय घेतं आणि काय देतं.

नवीवही : मार्ग → आयओ (आयदर अडचण ())

वहीसह : मार्ग → (वही → आयओ अ) → आयओ (आयदर अडचण अ)

‘आयओ’ म्हणजे बाहेरच्या जगाला हात लावणारं काम, ‘आयदर’ म्हणजे अडचण किंवा उत्तर यांपैकी एक, ‘()’ म्हणजे रिकामं उत्तर, आणि ‘अ’ म्हणजे कोणताही टाइप. पहिलं फंक्शन फक्त नवी फाइल करतं आणि तिथे आधीच काही असेल तर नकार देतं. दुसरं फक्त असलेली फाइल उघडतं आणि नसेल तर नकार देतं. पहिल्याला पडद्यावर वेगळं बटण द्या, बसवताना एकदा दाबायचं. रोजच्या वाटेवर ते येताच कामा नये.

हा माझ्या एकट्याचा आग्रह नाही. रॅकेट या दुसऱ्या फंक्शनल भाषेतलं एसक्यूलाइटला जोडणारं फंक्शन घ्या. त्याचा नेहमीचा मोड वाचन-लेखन असतो आणि फाइल नसेल तर ते चूक देतं. नवी हवी असेल तर ‘क्रिएट’ हा मोड स्वतःहून मागावा लागतो. ओकॅमल भाषेच्या एसक्यूलाइट लायब्ररीत उघडताना ‘नो क्रिएट’ असा मोड देता येतो. एलिक्सिर भाषेच्या एक्टो या डेटाबेस-लायब्ररीत तर ‘एक्टो डॉट क्रिएट’ आणि ‘एक्टो डॉट मायग्रेट’ ही टर्मिनलमधून चालवायची वेगळी कामंच आहेत. हास्केलच्या एसक्यूलाइट-सिंपलमध्ये नेहमीचं ‘ओपन’ ही काळजी घेत नाही, ती आपल्याला घ्यावी लागते.

कशी घ्यायची? सगळ्यात साधी रीत म्हणजे उघडण्याआधी ‘डझफाइलएक्झिस्ट’नं फाइल आहे का बघणं. तपासणी आणि उघडणं यांच्यामध्ये क्षणभराची फट राहते, पण एका टेबलावरच्या एका कॉम्प्युटरसाठी ती चालते. दुसरी, जास्त पक्की रीत: ‘फाइल’ या शब्दानं सुरू होणारा यूआरआय (वेबपत्त्यासारखा) मार्ग द्यायचा आणि त्याच्या शेवटी मोड ‘आरडब्ल्यू’ लिहायचा, म्हणजे वाचन-लेखन करा पण नवी फाइल करू नका. ही सोय एसक्यूलाइट कसं बांधलंय यावर चालू किंवा बंद असते, म्हणून मुद्दाम नसलेल्या फाइलचा मार्ग देऊन बघा. चूक आली, आणि असलेल्या फाइलचा तसाच मार्ग दिल्यावर ती उघडली, तर सोय चालू आहे. विचित्र नावाची नवी फाइल तयार झाली तर बंद आहे.

मार्गही पूर्ण द्या. डिरेक्टरी पॅकेजमधलं ‘गेट एक्सडीजी डिरेक्टरी’ त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रोग्रॅमची माहिती ठेवायची ठरलेली जागा देतं. तो फोल्डर ‘नवीवही’मध्येच तयार करा, कारण एसक्यूलाइट फाइल बनवतं, फोल्डर बनवत नाही. फोल्डर नसेल तर ‘अनेबल टू ओपन डेटाबेस फाइल’ असा संदेश येतो आणि माणूस फाइलच्या परवानग्या तपासत बसतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. विसंगत मुळीच नाही. उलट रिलेशनल डेटाबेस आणि फंक्शनल भाषा एकाच घरातल्या म्हणाव्यात इतक्या जवळच्या आहेत. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं, ते संचांच्या गणितावर. रिलेशन घ्यायचं, त्यावर क्रिया करायची, उत्तर म्हणून पुन्हा रिलेशनच मिळवायचं. निवड, प्रक्षेप, जोड या क्रिया म्हणजे शुद्ध फंक्शनंच आहेत. दिलेलं बदलत नाहीत, नवं देतात. ‘सिलेक्ट’ लिहिताना कसं शोधायचं ते आपण सांगत नाही, काय हवं ते सांगतो. हास्केलमध्ये आपण दुसरं काय करतो?

शुद्ध नाही ती फाइल. ती आज आहे, उद्या नसेल. आज तिच्यात दहा ओळी, उद्या अकरा. हास्केल ही अशुद्धता नाकारत नाही, ‘आयओ’ या टाइपमध्ये तिची उघड नोंद करतो. तुमच्या सरांचं म्हणणं बरोबरच आहे, फक्त त्यातून निघणारं काम असं आहे की उघडणं, वाचणं, लिहिणं हे काठावर ठेवायचं आणि निर्णय मध्यभागी, शुद्ध फंक्शनांत घ्यायचे. दंड किती, पुस्तक देता येईल का, कोणते बदल अजून लावायचे आहेत, यातल्या एकाही प्रश्नाला कनेक्शन लागत नाही.

‘वहीसह’चा आकार नीट बघा. ते वही परत देत नाही. वहीचं काय करायचं ते फंक्शन तुमच्याकडून घेतं, वही उघडतं, ते फंक्शन चालवतं आणि मग काहीही होवो, वही बंद करतं. आतून हे ‘ब्रॅकेट’ आहे: मिळवणं, वापरणं, सोडणं. मध्येच अपवाद आला, कोणी कंट्रोल-सी दाबलं, तरी सोडण्याचा भाग चालतोच. एसक्यूलाइट-सिंपलमध्ये ‘विथ कनेक्शन’ याच कामासाठी आहे. एक पथ्य मात्र पाळा. आत मिळालेलं कनेक्शन ‘रिटर्न’ करून बाहेर नेऊ नका. टाइप तपासणारा तुम्हाला अडवणार नाही, आणि बाहेर हातात येईल ती बंद झालेली वही.

याच जागी हास्केलचा आळसही आडवा येतो. जुन्या एचडीबीसी लायब्ररीत ‘क्विकक्वेरी’ आळशी आहे: ओळी मागाल तेव्हाच डेटाबेसकडून येतात. ओळी मागायच्या आत जोडणी तोडली की हातात काही उरत नाही. त्याच नावापुढे एकेरी अवतरणचिन्ह असलेलं दुसरं फंक्शन सगळ्या ओळी आधी आणतं. एचडीबीसी वापरायचीच असेल तर ते वापरा. शिवाय एचडीबीसीमध्ये ‘कमिट’, म्हणजे नोंदी पक्क्या करणं, आपण करायचं असतं. विसरलात तर जोडणी तोडताना सगळं मागे फिरतं, चूक न दाखवता. एसक्यूलाइट-सिंपलमध्ये उलट आहे. तिथे प्रत्येक विधान लगेच पक्कं होतं, आणि चार विधानं मिळून एक व्यवहार (सगळी होतील किंवा एकही नाही असा) करायचा असेल तर ‘विथ ट्रान्झॅक्शन’ लिहावं लागतं. पुस्तक दिल्याची नोंद आणि पुस्तकाची ‘बाहेर’ अशी स्थिती ही दोन विधानं एकाच व्यवहारात हवीत.

आता ‘वही’ या टाइपबद्दल. मी नुसतं ‘कनेक्शन’ लिहिलेलं नाही. ‘वही’ हा त्याच्याभोवती गुंडाळलेला वेगळा न्यूटाइप (जुन्याच गोष्टीला दिलेला नवा टाइप) करा आणि त्याचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे ‘वही’ बनवायचं साधन, मॉड्यूलबाहेर निर्यात करू नका. मग प्रोग्रॅममध्ये कुठेही ‘वही’ हातात आली तर ती ‘वहीसह’मधूनच आलेली असणार, आणि ‘वहीसह’नं ज्या ज्या गोष्टी तपासल्या त्या झालेल्या असणारच. पुस्तक देणारं फंक्शन ‘कनेक्शन’ न घेता ‘वही’ घेतं, म्हणजे न तपासलेल्या फाइलवर ते चालवायला गेलात तर प्रोग्रॅम बांधलाच जाणार नाही. वाचनालयात ही भाषा वापरण्याचं माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं कारण हे आहे. एरवी हीच काळजी आपल्या आठवणीवर सोडावी लागते, आणि तीन वर्षांनी प्रोग्रॅमला हात लावणारा माणूस दुसराच असतो.

‘वहीसह’नं उघडल्यावर काय तपासायचं? ही फाइल आपली आहे का, हे पहिलं. एसक्यूलाइट नुसतं उघडताना फाइलचं डोकं वाचत नाही. एखादी मजकुराची फाइल दिलीत तरी ‘ओपन’ यशस्वी होतं आणि ‘फाइल इज नॉट अ डेटाबेस’ हे पहिल्या प्रश्नाला कळतं. म्हणून उघडल्या उघडल्या एक प्रश्न विचाराच. तो प्रश्न ‘अॅप्लिकेशन आयडी’चा असू द्या. फाइलच्या शीर्षभागात या अंकासाठी जागा राखलेली असते. ‘नवीवही’मध्ये आपला ठरलेला अंक तिथे लिहा, उघडताना जुळतो का बघा. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमची डेटाबेस फाइल चुकून निवडली तर इथेच अडेल.

मग ‘फॉरेन कीज’ चालू करा, म्हणजे एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या नसलेल्या ओळीकडे बोट दाखवू शकत नाही. नेहमीच्या एसक्यूलाइटमध्ये त्या बंद असतात आणि दर जोडणीला नव्यानं चालू कराव्या लागतात. फाइलमध्ये ती निवड टिकत नाही. शिवाय व्यवहाराच्या आत ही आज्ञा दिली तर काहीच होत नाही, म्हणून ती व्यवहार सुरू होण्याआधीच द्यायची. ‘बिझी टाइमआउट’ही (फाइल मोकळी होईपर्यंत किती थांबायचं ते) इथेच ठेवा, नाहीतर दुसऱ्या खिडकीतून कोणी लिहीत असेल तर प्रोग्रॅम न थांबता लगेच ‘डेटाबेस इज लॉक्ड’ म्हणतो.

मग आवृत्ती. ‘युजर व्हर्जन’ हा आणखी एक अंक त्याच शीर्षभागात असतो, आणि तो पूर्णपणे आपल्यासाठी मोकळा आहे. टेबलांच्या रचनेत केलेला प्रत्येक बदल क्रमांक देऊन यादीत ठेवा: एक म्हणजे सुरुवातीची टेबलं, दोन म्हणजे सभासदांना फोनचा रकाना, तीन म्हणजे अमुक. विधानांची यादी लक्षात ठेवा म्हटलं होतं ती इथे कामाला येते. फाइलचा अंक आणि ही यादी घेऊन उरलेले बदल सांगणारं फंक्शन शुद्ध आहे:

उरलेलेबदल : आवृत्ती → [बदल] → आयदर अडचण [बदल]

त्याला डेटाबेस लागत नाही, त्याची चाचणी एका ओळीत होते. फाइलचा अंक यादीतल्या शेवटच्या क्रमांकापेक्षा मोठा निघाला तर ते अडचण परत देतं. वाचनालयात दोन कॉम्प्युटर असले की एकावर जुना प्रोग्रॅम राहतोच, आणि जुन्या प्रोग्रॅमनं नव्या रचनेच्या फाइलला हात लावू नये. उरलेला प्रत्येक बदल आणि त्याचा नवा अंक एकाच व्यवहारात लिहा. एसक्यूलाइटमध्ये टेबल बनवणं, रकाना वाढवणं आणि हा अंक बदलणं, तिन्ही व्यवहारात बसतात. मध्येच लाइट गेली तर तिन्ही एकत्र मागे फिरतात. ‘नवीवही’सुद्धा हीच यादी शून्यापासून चालवते, म्हणजे टेबलांची रचना दोन ठिकाणी लिहावी लागत नाही.

लाइटचं नाव निघालंच आहे तर सांगतो, कारण खानापूरच्या पावसाळ्यात हा नुसता पुस्तकी मुद्दा राहत नाही. कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला पाऊस लागला की लाइट कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नसतो. एसक्यूलाइट अशा वेळेसाठीच बांधलेलं आहे. अर्धवट राहिलेला व्यवहार पुढच्या वेळी फाइल उघडताना आपोआप मागे फिरवला जातो. पण त्यासाठी शेजारची ‘जर्नल’ फाइल जागेवर असावी लागते. ‘ही कसली फाइल’ म्हणून कोणी ती पुसली तर मूळ फाइल बिघडू शकते. ‘वॉल’ पद्धत (नवे बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहायची) लावलीत तर शेजारी ‘वॉल’ आणि ‘एसएचएम’ अशा दोन फाइली दिसतील, त्याही कोणी पुसू नयेत. आणि पेनड्राइव्हवर प्रत घेताना चालू प्रोग्रॅमची एकटी मुख्य फाइल उचलू नका. ताज्या नोंदी अजून ‘वॉल’ फाइलमध्येच असू शकतात. प्रोग्रॅममध्ये एक बटण द्या आणि आतून ‘व्हॅक्यूम इंटू’ चालवा, ते एकसंध प्रत काढून देतं. ही आज्ञा २०१९ पासून आहे. वॉल पद्धतीतली फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवून दोन कॉम्प्युटरवरून उघडू नका, तिथे ती चालत नाही.

आता आपल्या भागाचं. हे कुठल्याही शिकवणीत नसतं.

दाखल क्रमांक. तुमच्या टेबलात तो ‘इंटीजर’ असेल, पण एसक्यूलाइट रकान्याचा टाइप सक्तीनं पाळत नाही. पडद्यावरून आलेलं ‘12’ हे टेक्स्ट म्हणून दिलंत तर ते त्याचा अंक करून ठेवतं. कोणी मराठी कीबोर्डवरून ‘१२’ लिहिलं तर त्याला तो अंक वाटत नाही, आणि अंकांच्या रकान्यात ते मजकूर म्हणून जाऊन बसतं. कानडी अंकांचंही तसंच. लिहिताना चूक येत नाही. महिन्यानं यादी काढताना हास्केल ‘कन्व्हर्जन फेल्ड’ म्हणून थांबतो आणि कोणत्या नोंदीनं घात केला ते शोधत बसावं लागतं. हास्केलचं ‘इझडिजिट’सुद्धा फक्त इंग्रजी अंक ओळखतं. म्हणून तिन्ही लिप्यांतले अंक एका रूपात आणणारं छोटं शुद्ध फंक्शन लिहा आणि टेबलं ‘स्ट्रिक्ट’ करा. ही सोय २०२१च्या ३.३७ आवृत्तीपासून आहे आणि ती चुकीचा टाइप लिहितानाच अडवते.

आडनावं. ‘कुऱ्हाडे’मधलं ऱ्ह दोन प्रकारे टंकता येतं: नुक्त्याच्या ऱ नंतर हलन्त, किंवा साध्या र नंतर हलन्त आणि एक न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही सारखीच, डेटाबेसच्या लेखी दोन वेगळी माणसं. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण या दोघांना एक करत नाही. इथेही काठावर एक शुद्ध फंक्शन हवं, लिहिण्याआधी आणि शोधण्याआधी तेच.

अनुक्रम. एसक्यूलाइट नावं लावतं ती साठवलेल्या बाइटच्या क्रमानं, आणि त्या क्रमात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो. मराठीत तो ह नंतर. त्यामुळे सभासदांच्या यादीत केळकर हे केशव आणि केसरकर यांच्या आधी येतात आणि ग्रंथपाल म्हणतात, यादी चुकली. त्यांचं बरोबर असतं. कानडी लिपीतली नावं या क्रमात सगळ्या देवनागरी नावांच्या मागे जातात. स्वतःचा क्रम एसक्यूलाइटला शिकवता येतो, पण मी ते टाळतो: तो दर जोडणीला शिकवावा लागतो, आणि त्या क्रमाचा इंडेक्स असलेली फाइल दुसऱ्या साधनानं उघडली की ‘नो सच कोलेशन’ म्हणून अडते. त्यापेक्षा नावावरून क्रमाची कळ, म्हणजे फक्त क्रम लावण्यापुरतं नावाचं रूप, काढणारं शुद्ध फंक्शन लिहून ती वेगळ्या रकान्यात साठवलेली बरी.

गावांची नावं मजकूर म्हणून सभासदाच्या ओळीत लिहू नका. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, घरात आणि बाजारात आपण बेळगाव म्हणतो, आणि अर्जावर दोन्ही येतं. गावांचं वेगळं टेबल करा: एक कळ (गावाचा ओळख-क्रमांक), एक मराठी नाव, एक कानडी नाव, एक सरकारी नाव. कानडीतून शिकलेल्या पोरालाही त्याच्या गावाचं नाव त्याच्या लिपीत दिसावं. येळ्ळूर असो की नंदगड, सभासदाच्या ओळीत फक्त कळ जाईल, आणि उद्या नाव बदललं तर एकच ओळ बदलेल.

पुढे तालुक्यातली चार-पाच वाचनालयं जोडायची वेळ आली आणि पोस्टग्रेस या सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसकडे वळलात तर वरचा बहुतेक आराखडा तसाच राहील. तिथे नवं करणं आणि उघडणं आपोआपच वेगळं असतं. नवा डेटाबेस करायला आधी असलेल्या दुसऱ्याच डेटाबेसला जोडावं लागतं, बहुधा ‘पोस्टग्रेस’ नावाच्या. तिथून ‘क्रिएट डेटाबेस’ द्यायचं, तेही व्यवहाराबाहेर. ‘विथ ट्रान्झॅक्शन’मध्ये गुंडाळलंत तर नकार मिळतो. त्याला ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ही नाही. असलेलाच पुन्हा करायला गेलात तर ४२पी०४ हा चूक-संकेत येतो आणि नसलेल्याला जोडायला गेलात तर ३डी०००. हे दोन संकेत तुमच्या ‘अडचण’ टाइपच्या दोन वेगळ्या फांद्या करा.

आता तुमच्याकडे सध्या दोन फाइली तयार झाल्या असतील, एक प्रोजेक्टच्या फोल्डरात आणि एक आयकॉनवाल्या फोल्डरात. नव्या फाइलमध्ये कोणी नोंदी केल्या असतील तर ती पुसू नका. आधी प्रोग्रॅम बंद करा आणि दोन्हींच्या प्रती, शेजारच्या ‘जर्नल’ किंवा ‘वॉल’ फाइलींसकट, वेगळ्या ठेवा. मग जुनी फाइल उघडून ‘अटॅच डेटाबेस’नं नवी तिला जोडा. ओळी क्रमांकांवरून जुळवू नका, कारण दोन्ही फाइलींत सभासद एकपासूनच सुरू झालेले असतील. पुस्तकं दाखल क्रमांकावरून आणि सभासद नाव, गाव बघून जुळवा, शंका येईल तिथे ग्रंथपालांना विचारा. आणि ‘अटॅच’ करताना मार्ग दोनदा वाचा. तुमची जोडणी सध्याच्या नेहमीच्या ‘ओपन’नं उघडलेली आहे, त्यामुळे मार्गात एक अक्षर चुकलं तर ‘अटॅच’सुद्धा न बोलता तिसरी, कोरी फाइल करून देईल.